तीन चाकांच्या गाडीची माझ्या पश्चात व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय मोटरसायकलचे वाकलेले फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन पाइप, आणि चेसीस सरळ करणे, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मागच्या वर्षी माझं पित्ताशय काढलं, डोकं काढलेलं नाही. हे ज्यांच्यासाठी लिहिते त्यांना बरोबर कळेल. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला जवळ यावं लागतं, आणि गेलं वर्षभर एक मुलगी सोडली तर घरचे सगळे माझ्यापासून चार हात लांब आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करायची हौसही नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, राग नाही." मी म्हटलं, बाई, मालमत्ता निम्मी नवऱ्याची आहे, राग मात्र पूर्ण स्वकष्टार्जित आहे. दोन्ही लिहा.

कलम १. वर्कशॉप आणि त्यामागच्या दोन खोल्या, त्यातल्या कपाटांसह आणि गळक्या नळासह, माझ्या पश्चात माझ्या मुलीच्या, म्हणजे धाकटीच्या, एकटीच्या मालकीच्या होतील. तिचा डावा पाय लहानपणीच्या आजारात गेला. ती कुबडी घेऊन चालते आणि माझ्यापेक्षा जास्त काम उरकते. या जागेत तिचे वडील पाइप तापवून सरळ करायचे. त्यांचा हात सोन्यासारखा, पण नजर अधू. म्हणून लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या हातात ओळंबा दिला आणि म्हणाले, "तू बघ आणि सांग, मी ठोकतो." ते गेल्यावर बघायचंही मीच आणि ठोकायचंही मीच. लोक म्हणाले, बाईला हे जमायचं नाही. त्या लोकांच्या गाड्या पुढे माझ्याकडेच आल्या.

कलम २. हत्यारे. पाइप दाबून सरळ करायचा प्रेस, गॅसची टाकी, सपाट लोखंडी पाट, ओळंबे आणि मापाच्या पट्ट्या धाकटीला.

भिंतीवरचा मोठा आरसा माझ्या सख्ख्या भावाला. त्याने घरोघरी जाऊन "हात गेलेत आता म्हातारीचे" असं सांगितलं. त्याने तेच वाक्य रोज सकाळी दाढी करताना त्या आरशात बघून म्हणावं. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला काही नाही. यजमानांचा जिवाभावाचा मित्र म्हणवायचा, आणि भावाचं एक वाक्य ऐकून फोर्क दुसरीकडे पाठवायला लागला. उद्या तिकडची कामं बिघडली की तो तोंड वर करून परत येईल. धाकटीने त्याला काम करून द्यावं, पण रांगेत उभं करून.

कलम ३. गाडी. मृत्युपत्राचं मूळ हेच आहे, बाकी सगळा पसारा. यजमानांची जुनी मोटरसायकल, तिला मी जोडलेल्या साइडकारसह, धाकटीला. गाडीला मी हाताने बदलायचा गिअर बसवला आहे. थांबल्यावर पाय टेकवावा लागत नाही, कुबडी साइडकारमध्ये मावते. या गाडीवर ती गावभरच्या गॅरेजांतून काम आणते आणि पोचवते. कोणाला "जरा सोडतोस का" म्हणावं लागत नाही. ही गाडी गेली तर माझी मुलगी घरात बसेल, आणि ते मी मेल्यावरही होऊ देणार नाही.

आता नीट ऐका, कारण गेल्या वर्षी हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ नव्हता.

मोटरसायकलचं हँडल ज्या दांड्यावर फिरतं तो दांडा तिरका असतो. त्याची रेघ तशीच जमिनीपर्यंत ओढली तर ती चाक टेकतं त्याच्या थोडी पुढे टेकते. म्हणजे चाक त्या रेघेच्या मागून चालतं. हॉस्पिटलातल्या ट्रॉलीची चाकं बघा, ढकललं की आपोआप मागे वळतात आणि गुमान पाठोपाठ येतात, तसंच. हे अंतर जास्त असेल तर चाक आपणहून सरळ राहतं आणि गाडी वेगात शांत असते, पण हँडल जड लागतं. अंतर कमी केलं की हँडल हलकं होतं आणि चाक उतावळं.

साइडकार लावलेली गाडी वळणावर झुकत नाही. ती निव्वळ दंडाच्या जोरावर वळवायची. मूळच्या अंतरावर धाकटीने चालवून बघितली तर आठवड्यात तिचे खांदे धरले. म्हणून फोर्कचे दोन्ही पाइप धरणाऱ्या पट्ट्या, ज्यांना आम्ही टी म्हणतो, त्या मी लेथवाल्या टर्नरकडून नव्या करून घेतल्या. पाइप पुढे सरकले, त्याबरोबर चाक पुढे गेलं आणि ते अंतर निम्म्यावर आलं. हळू चालताना हँडल थरथरू नये म्हणून बाजूला डँपर लावला. आता गाडी तीन चाकांवर पोरखेळासारखी वळते. तीच गाडी दोन चाकांवर वेगात नेली तर जीव घेते. यात माझ्या हातांचा दोष नाही, तिसऱ्या चाकासाठी केलेली रचना आहे ती.

मी ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात असताना माझा मोठा मुलगा, म्हणजे थोरला, वर्कशॉपमध्ये आला. जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती आणि साहेबांना बापाची गाडी "मूळ रूपात" मिरवायची होती. साइडकारचे चारही बोल्ट काढले. डँपरही काढला, कारण बापाच्या फोटोत डँपर नव्हता. धाकटी म्हणाली, "दादा, ती अशी नाही चालवायची. आईला एक फोन कर." यावर हा काय म्हणाला, ते मी जसंच्या तसं लिहवून घेते: "अगं, मोटरसायकल म्हणजे दोनच चाकं. तिसरं तुझ्यासाठी लावलंय."

हो, तिच्यासाठीच लावलंय. लाज वाटायला हवी होती.

मोकळ्या रस्त्यावर त्याने गाडी पळवली. एका उंचवट्यावर चाक आपटलं आणि हँडल इकडून तिकडे झटके द्यायला लागलं. घाबरून त्याने हँडल आवळून धरलं, त्यामुळे झटके वाढले. गाडी एकीकडे, हा दुसरीकडे. मला फोन आला, "तुमच्या मुलाचा अपघात झालाय," आणि फोन तुटला. परत लागेपर्यंत मी ताज्या टाक्यांचं पोट धरून खाटेवर बसले होते आणि माझा मुलगा गेला असंच धरून चालले होते. नुसतं गळ्याखालचं हाड मोडलं होतं. लोक म्हणतात, आईचं काळीज असून इतका राग कसा? अरे, काळीज आहे म्हणूनच तर राग आहे. मेला असतास ना रे.

आणि हाड बांधून घरी आल्यावर हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काय सांगत सुटला? "आईने फोर्क ढिला बसवला होता." भावाने ते गावभर केलं. उभ्या आयुष्यात माझ्या हातचा फोर्क ढिला निघाला नाही, आणि घरच्याच माणसाने माझ्या कामाची माती केली. गाडी मी आणि धाकटीने पुन्हा उभी केली. तेव्हाही बघायला कोणी आलं नाही. ओळंबा सोडून दाखवला असता.

कलम ४. धाकटी चालवते आहे तोवर साइडकार गाडीपासून कोणीही, कोणत्याही कारणाने, कोणाच्याही फोटोत काहीही असलं तरी, वेगळी करू नये. तिच्यानंतर कोणाला ती दोन चाकांवर चालवायची असेल तर आधी मूळच्या टी बसवाव्यात. त्या मी जपून ठेवल्या आहेत. अर्ध्या दिवसाचं काम आहे. विचारलं असतं तर मीच हॉस्पिटलातून येऊन करून दिलं असतं.

कलम ५. थोरल्याला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. त्याचं स्वतःचं घर आहे, दुकान आहे, उपाशी मरणार नाही. हे विसरून गेल्यामुळे राहिलेलं नाही, समजून-उमजून राहिलेलं आहे. वकीलबाईंनी सांगितलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये, आणि ज्याला काही मिळत नाही तो खुशाल करू शकतो. ते ऐकलं आणि मी ठरवलं. साक्षीदार तोच. आज त्याला बोलावलं आहे. त्याने हा कागद आपल्या मामासमोर आणि टर्नरसमोर मोठ्याने वाचावा. यातलं काही खोटं वाटलं तर सही करू नये; बाहेर टर्नरची बायको बसली आहे, ती करील. पण सही न करता गेला तर मी गेल्यावर दारात येऊन रडू नये.

अंमलबजावणी वकीलबाई करतील. वरील सर्व मला वाचून दाखवले आहे, माझे मला कळले आहे, आणि एकही शब्द मऊ करायचा नाही.

स्थळ: वर्कशॉप, प्रेसशेजारचे टेबल
दिनांक: १२ मार्च, मंगळवार
लिहून देणारीची सही: (केली)

साक्षीदार १: टर्नर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या टी मीच केल्या होत्या, माप बाईंचं होतं. सही.

साक्षीदार २: थोरला मुलगा. आईने माझ्यासमोर सही केली. कलम तीनच्या मध्यापर्यंत मी वाचलं, पुढचं टर्नरकाकांनी वाचलं. मामा समोर बसले आहेत. साइडकार मी काढली. डँपर मी काढला. बहिणीला मी ते बोललो होतो. त्या दिवशी रस्त्यावर उठून बसल्यावर एका हाताने मी हँडल पुढेमागे ओढून बघितलं होतं. फोर्क ढिला नव्हता. सही.