पलंगच वाकडा

४ ऑक्टोबर, सकाळी
उठताना कूस बदलली आणि अख्खी खोली गरकन फिरली. छत खाली, कपाट वर. पलंगाची कड धरून पडून राहिले. थोड्या वेळाने थांबली. कारण लगेच कळलं. पलंग वाकडा झालाय. ह्यांचं वजन वाढलंय, त्यामुळे एका बाजूला खचला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, लग्नापासून त्याच बाजूला झोपतोय, आजच कसा खचला? या माणसाला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो.
उद्या सुतार.

५ ऑक्टोबर
सुतार आला. पाणसळ ठेवली. काचेतला बुडबुडा बरोबर मध्ये. म्हणाला, ताई, पलंग सरळ आहे. मी म्हटलं, तुझा बुडबुडा बिघडलाय, डावीकडचे दोन्ही पाय बोटभर काप. तो ह्यांच्याकडे बघत राहिला. ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला. कापले एकदाचे.
आता झकास.

६ ऑक्टोबर
रात्री ह्यांची उशी खाली पडली. मागोमाग हे. खालूनच म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. त्याच वेळी खोली परत फिरली.
म्हणजे पलंग एकटा वाकडा नाही. फरशीपण.
आजपासून चहा बंद.

७ ऑक्टोबर
चहा चालू. चहाचा काही संबंध नाही.
आज गोदामात घोळ. चपला-बुटांचं गोदाम आमचं, मांडण्या छतापर्यंत. वरचा माल काढायला शिडी, आणि शिडी माझी. इतकी वर्षं माझ्याशिवाय कुणी चढलेलं नाही. खालून सगळे मावशी मावशी करतात आणि मला वरून सगळ्यांची टकलं दिसतात. तर आज वरच्या फळीकडे बघितलं आणि सगळी मांडणी अंगावर यायला लागली. हातातला खोका सुटला. सुपरवायझरच्या कानाजवळून गेला. लागला नाही, पण किती ओरडला! मी म्हटलं, शिडीचा पाय झिजलाय. दुसरी आणली. तीही वाकडी. हल्ली माल कसला येतो.
सुपरवायझर म्हणाला, सोमवारी डॉक्टरची चिठ्ठी आणा, नाहीतर शिडी चष्मेवालीला. चष्मेवाली नवी आलीय. खोक्याला नाक लावल्याशिवाय नंबर दिसत नाही तिला. ती चढणार माझ्या शिडीवर!

९ ऑक्टोबर
डॉक्टरकडे जाऊन आले. डोकं फिरतंय म्हटलं तर हा कानात बघतो. म्हणे कान नुसता ऐकायला नसतो. आत खोल पाण्याने भरलेल्या नळ्या, त्यात बारीक केस. मान वळली की पाणी हलतं, केस वाकतात आणि मेंदूला कळवतात की बाई वळली. शेजारी चुन्याचे कण असतात, वर-खाली समजायला. माझ्या एका कानातले काही कण सुटून नळीत शिरलेत. त्यामुळे बाई पडून आहे आणि केस बोंबलतात की बाई गिरक्या घेतेय. डोळे, पाय सांगतात काही हललं नाही. मेंदूने ऐकायचं कुणाचं? मी म्हटलं, आमच्या घरीपण सगळे वेगवेगळं बोलतात, शेवटी माझंच ऐकतात. म्हणाला, इथे तसं चालत नाही बाई.
मांजर, मासा, पाखरू, सगळ्यांच्या कानात हीच सोय म्हणे.
गोळी नाही, काही नाही. टेबलावर आडवं पाडलं, मान लटकवली, एकीकडे वळवली. दवाखाना भोवऱ्यासारखा फिरला. म्हणाला, हलू नका, अजून वळायचंय, कण घसरत बाहेर येतील. मी त्याची कॉलर धरून उठले. बरं वाटलं म्हटलं. अर्धवट उपचाराची चिठ्ठी देत नाही म्हणाला.
मग अर्धी तरी द्यायची.

१० ऑक्टोबर
खरंखोटं बघायला शेजारणीचं मांजर आणलं. दोन्ही हातांनी धरून गिरक्या दिल्या, खाली ठेवलं. तिरकं गेलं, मग सरळ झालं, मग परत येऊन मला ओरबाडलं. म्हणजे चक्कर सगळ्यांना येते आणि आपोआप जाते. मलाही आली, पण मी मांजरासारखा तमाशा केला नाही. भिंत धरून गुपचूप खाली बसले.

११ ऑक्टोबर, रविवार
डॉक्टरने केलं ते घरीच करायचं ठरवलं. सगळं बघितलंय. डोळे मिटले होते, पण अंदाज आहे. कुठला कान म्हणाला होता ते आठवेना, म्हणून दोन्ही. पलंगाला उतार आहेच, तेवढीच मदत. ह्यांना मान धरायला बसवलं. डावीकडे म्हटलं की विचारायचे, तुझ्या डावीकडे की माझ्या? ते ठरेपर्यंत मी घसरून त्यांच्या मांडीवर. मग बादली. बराच वेळ बादली. ह्यांनी पाठ चोळली. या वेळी पुरावा मागितला नाही. म्हणाले, उद्या परत डॉक्टरकडे जाऊ.
उद्या कसं? उद्या शिडी आहे.
ठरलं. वर न बघता वर चढायचं. हातांना सवय आहे.

१२ ऑक्टोबर
सुपरवायझरने चिठ्ठी मागितली. विसरले म्हटलं. म्हणाला, मग माझ्यासमोर चढा आणि वरचा सात नंबर काढा.
चढले. निम्म्यापर्यंत उत्तम. पुढे वर बघावं लागलंच, खोका काय माझ्या गुडघ्यात ठेवलाय? सगळं गोदाम उलटं झालं. शिडीला मिठी मारली. हाक मारायची नव्हती, पण मारली. सुपरवायझर आणि चष्मेवालीने कमरेला धरून पोतं उतरवतात तसं उतरवलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बोलले असते काहीतरी. नुसतं म्हणाला, मावशी, तुम्ही खालून धरा.
चष्मेवाली चढली. वरून विचारलं, मावशी, हाच ना? बघायला मान वर केली. झालं. दोन्ही हातांनी शिडी आवळली, डोळे मिटले आणि म्हटलं, हाच.
भलताच निघाला. तरी खाली उतरून म्हणाली, मावशी, तुम्ही इतकी घट्ट धरली होती ना, मला जरासुद्धा भीती वाटली नाही.
शिडी अजून सोडवत नव्हती.