माझ्याऐवजी ह्यांना पाठवत आहे

तीर्थरूप सासरेबुवांस,

जावयाचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे हल्ली जिने चढू देतात का, ते सविस्तर कळवावं. (सासूबाईंची तब्येत विचारत नाही, परवा त्यांचा आवाज फोनमधून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला, म्हणजे उत्तम असणार.) इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण इकडे काहीही ठीक नाही.

आपल्या बिजागऱ्या परदेशातल्या एका दारं बनवणाऱ्या कंपनीला पसंत पडल्या आणि 'करार करायला या' असं निमंत्रण आलं, हे तुम्ही जाणताच. मी अख्ख्या बाजाराला ते सांगून मोकळा झालो. नवी बॅगही घेतली. मग व्हिसाच्या तयारीला लागलो आणि जगात अकलेचा केवढा दुष्काळ आहे ते कळलं. आधी भेटला फोटोवाला. हसू नका, चष्मा काढा, कान दाखवा, हनुवटी खाली! इतके हुकूम पाळून जो फोटो निघाला तो पाहून मी स्वतःच मला कुठल्या देशात शिरू दिलं नसतं. त्याच्यावर कडी केली एजंटने. हा उंटावरचा शहाणा स्वतः कधी वेशीबाहेर गेलेला नाही (भिंतीवर विमानाचं चित्र आहे, तेवढाच त्याचा प्रवास), पण मुलाखतीची तालीम मला देतो! खुर्चीत रेलून विचारतो, "तुम्ही परत याल कशावरून?" मी म्हटलं, घरी बायको आहे. तर म्हणे, "त्यामुळेच तर पुष्कळजण परत येत नाहीत." असल्या माणसाला मी चहा पाजला.

याच शहाण्याने कागद चाळून विचारलं, निमंत्रण कोणाला आहे? आता कर वाचावा म्हणून कारखाना मी तुमच्या मुलीच्या नावावर केला, त्यामुळे परदेशी पत्रंही तिच्याच नावाने लिहीत आलो, आणि निमंत्रणही आलं तिलाच. कागदोपत्री मी तिच्याकडचा पगारी सुपरवायझर. 'माझ्याऐवजी ह्यांना पाठवत आहे' असं मालकीणबाईंकडून लिहून आणा, म्हणाला. आणलं असतं हो! आजवर मी पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर तिने टीव्हीवरची नजर न हलवता सही केली आहे. या खेपेला बाईसाहेबांनी चष्मा लावला. पत्र वाचलं, निमंत्रण मागून घेतलं, तेही वाचलं, आणि म्हणाल्या, "बोलावलंय मला, मग तुम्ही कशाला जाताय?"

मी म्हटलं, तुला धंद्यातलं काय कळतं? (आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.) "खिळा ढिला म्हणून माल परत आला, तेव्हा फोनवर गिऱ्हाइकाची समजूत कोणी काढली?" तिनेच काढली होती. मी तेव्हा वामकुक्षी घेत होतो.

तिचा फोटो त्याच फोटोवाल्याने काढला, झकास आला. एजंटने तिलाही विचारलं, परत याल कशावरून? ती म्हणाली, "ह्यांच्या भरवशावर कारखाना किती दिवस टाकू?" तो लाचार माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "उत्तर असं हवं!"

आपला,
जावई

ता. क. हे पत्र तिला दाखवू नये.

आणखी ता. क. तिला सोबत एक माणूस नेता येतो. मी तयारच आहे, बॅगही आहे. पण ती म्हणते, "नेलं तर बाबांना नेईन." म्हणून गुडघ्यांची चौकशी केली. दुखत असतील तर तिला तसं आजच कळवावं. दुखत नसतील, तरीही तसंच कळवावं.