ब्रेंडाची हरकत नाही

नंदाखाल
शुक्रवार, दुपार

प्रिय ब्रेंडा,

लिफाफा जाड लागला म्हणून घाबरू नकोस, मी बरी आहे. आत एक छापील कागद आहे, तो आधी काढू नकोस. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, त्यासाठी तू माझा मारही खाल्लायस. आज एवढं ऐक, आधी हे वाच आणि मग तो कागद. फोनवर मला हे जमायचं नाही. तू 'बोल ना आई' म्हणतेस आणि मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवते, असं किती महिने चाललंय ते तुलाही कळतं.

आधी बातम्या. मागच्या वाऱ्यात वाडीतल्या चाळीसेक केळी आडव्या झाल्या. नॅन्सी काकीने गडी लावून दोन दिवसांत सगळं साफ करून दिलं. हो, नॅन्सी काकीनेच. माझी सख्खी धाकटी जाऊ, पण बांधावरून भांडण झालं तेव्हापासून अकरा वर्षं जिचं तोंड मी बघितलं नव्हतं, तीच. एप्रिलमध्ये माझी अँजिओप्लास्टी झाली. तू चार दिवस राहून पुण्याला परत गेलीस. तुझी रजा संपली होती, मी तक्रार करत नाही. दुसऱ्याच दिवशी ही मागच्या दाराने पेज घेऊन हजर. म्हणाली, वहिनी, भांडण तुझ्याशी आहे, पोराशी नाही. आणि जेन्सनला हाताला धरून स्वतःच्या घरी जेवायला घेऊन गेली. तेव्हापासून तो रोज सकाळी तिच्या मोगऱ्याला पाणी घालतो, अर्धं मोगऱ्याला, अर्धं स्वतःच्या पायांवर. दाढी करायला मात्र अजून माझ्याशीच भांडतो. अठ्ठाविसावं लागलं गं त्याला.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये आपल्या बँकेत नवा साहेब आला. जेन्सनचं दिव्यांगाचं अनुदान त्याच्या खात्यात येतं आणि मी त्याचा अंगठा घेऊन ते काढते, हे तुला माहीत आहेच. साहेब म्हणाला, मॅडम, मुलगा सज्ञान आहे आणि त्याला व्यवहार कळत नाही, मग त्याच्या वतीने पैसे काढणाऱ्या तुम्ही कोण? मी कोण! माझं डोकंच फिरलं. अठ्ठावीस वर्षं ह्याचं सगळं मी काढलं, आणि आता मी ह्याची आई आहे असा दाखला आणू? सगळी बँक वळून बघत होती. साहेब बिचारा सभ्य निघाला. त्याने मला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं, की अशा मुलांना अठरा वर्षं झाली की कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो, आईबापांनासुद्धा. त्यासाठी पालघरला जिल्हाधिकारी कार्यालयात एक समिती असते. म्हणजे हे काम मी दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. जन्मभर शाळेतली बाई म्हणून मिरवले, पण एवढंही मला माहीत नव्हतं.

पालघरला चौकशी केली तेव्हा आणखी एक कळलं. मी गेल्यावर माझं कुटुंब निवृत्तिवेतन जेन्सनला जन्मभर मिळू शकतं. त्याचं खाणंपिणं, औषधं, सगळं त्यात भागेल. पण ते त्याच्यासाठी घ्यायलाही पालक हवाच. तिथल्या मॅडम म्हणाल्या, आजी, तुमचं वय एकोणसत्तर, त्यात हृदयाचं दुखणं. तुमचं नाव घातलं तर तुमच्यामागे पोराचं सगळं अडेल. कोणी तरुण आहे का घरात? मी पेन काढलं आणि तिथल्या तिथे लिहिलं, ब्रेंडा, सख्खी बहीण. त्यात विचार काय करायचा?

तो अर्ज घरी आणून बायबलात ठेवला आणि तीन दिवस तिथेच राहू दिला. चौथ्या दिवशी फाडला.

गेल्या नाताळातली गोष्ट. तू विहिरीपाशी तुझ्या मार्कशी फोनवर बोलत होतीस आणि मी दोरीवरचे कपडे काढायला आले होते. मधे चादर होती. तू म्हणालीस, आई आहे तोवर ठीक आहे, ती गेली की हा माझ्या गळ्यात. लहानपण त्याच्या फायली वाहण्यात गेलं, उरलेलं आयुष्यही त्यातच घालवू का? मग तू रडायला लागलीस. मी ती चादर धरून तशीच उभी राहिले. संध्याकाळी तू त्याला केक भरवत होतीस, तो टाळ्या पिटत होता आणि सगळ्यांबरोबर मीही हसत होते. मला तुझा राग यायला हवा होता ना? नाही आला. दुःख झालं, खूप झालं, खोटं कशाला बोलू. पण तू म्हणालीस त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. फायली तूच वाहिल्यास. त्याच्या शाळेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज दर जूनमध्ये तूच भरायचीस, एसटीच्या पासासाठी तूच धावायचीस. आणि तो दाखल्याचा बुधवार.

त्या बुधवारबद्दल मला तुला काही सांगायचंय. सोळा वर्षं झाली. तुझी बारावी झाली होती, पप्पा कुवेतला होते. जेन्सनच्या अपंगत्वाच्या टक्केवारीच्या दाखल्याची मुदत संपली होती आणि नवा मिळाल्याशिवाय त्याची शिष्यवृत्ती पुढे सरकणार नव्हती. ठाण्याच्या सरकारी रुग्णालयात त्याची तपासणी बुधवारी होती, आणि नर्सिंगसाठी तुझी मुलाखतही त्याच बुधवारी, मुंबईला. मी म्हणाले, मला शाळेतून सुट्टी मिळत नाहीये, तूच जा त्याच्याबरोबर, मुलाखत काय, पुढच्या वर्षी देता येईल. तू इस्त्री करून ठेवलेला तो पांढरा ड्रेस घडी घालून कपाटात ठेवलास आणि त्याचा डबा भरलास. पुढच्या वर्षाचं नाव पुन्हा घरात निघालं नाही. तू बी.कॉम. झालीस.

ब्रेंडा, मला सुट्टी मिळत होती. मी मागितलीच नव्हती.

मला लाज वाटायची. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईवडील ठाण्याला कामाला जायचे. त्या रांगेत, गळ्याला लाळेरं बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन मला कोणी बघितलं तर? शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी कधी त्याचा विषय निघू दिला नाही. स्नेहसंमेलनाला सगळ्यांची मुलं यायची, माझी फक्त तू यायचीस. ज्या रांगेत उभं राहायची मला लाज वाटली, त्या रांगेत मी माझ्या सतरा वर्षांच्या पोरीला उभं केलं. संध्याकाळी तू दाखला आणून माझ्यासमोर ठेवलास. 'आई, पंचाहत्तर टक्के लिहिलेत, आता काम होईल' एवढंच बोललीस. मी चहा पीत होते. आजवर कितीदा कन्फेशनला बसले, पण हे तिथेही बोलले नाही. कारण पाप मी तुझ्या बाबतीत केलं होतं. सांगायला हवं होतं ते तुला.

तर मी दुसरा अर्ज आणला आणि त्यावर नॅन्सीचं नाव लिहिलं. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असलं की चालतं. ती एक्कावन्नची आहे, एकटी आहे, घोड्यासारखी धडधाकट आहे. विचारायला गेले तेव्हा ती कळ्या खुडत होती. वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, सही कुठे करायची ते दाखव, पण बांध माझा. मी किती दिवसांनी हसले असेन! बांध तिला दिला. तू त्यावरून माझ्याशी भांडू नकोस.

मंगळवारी आम्ही तिघं पालघरला समितीपुढे गेलो. जेन्सनने पप्पा गेल्यापासून जपून ठेवलेला त्यांचा निळा शर्ट घातला होता. मॅडम चांगल्या होत्या, त्याच्याशी प्रेमाने बोलल्या. विचारलं, जेन्सन, आई घरी नसेल तेव्हा तू कोणाकडे राहणार? वाटेत आम्ही त्याच्याकडून दहादा घोकून घेतलं होतं, नॅन्सी काकीकडे, नॅन्सी काकीकडे. तो खुर्चीत नीट सरळ बसला आणि म्हणाला, ब्रेंडाकडे. मॅडमनी पुन्हा विचारलं. पुन्हा ब्रेंडा. शेजारी नॅन्सी खाली मान घालून तिच्या पर्सची चेन उघडझाक करत होती. मॅडमनी मला विचारलं, ब्रेंडा कोण? मी म्हणाले, त्याची बहीण, पुण्याला असते, तिची काही हरकत नाही. मॅडम म्हणाल्या, मुलगा तिचं नाव घेतोय, मला तिचं लेखी लागेल.

म्हणून हा लिफाफा. आता तो कागद काढ. भावाच्या पालकत्वावर तुझा दावा नाही आणि नॅन्सी काकीला तुझी हरकत नाही, एवढंच त्यात लिहिलंय. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर आणि आधारकार्डाची प्रत जोडून पाठव. सही करताना रडू नकोस, कागद खराब होईल, तो मी तीन हेलपाटे घालून आणलाय. ही सुट्टी मी तुला सोळा वर्षं उशिरा देतेय. आणि भावाला टाकलं असं मनातसुद्धा आणू नकोस, ते मी तुला म्हणू देणार नाही. मघाशी मी लिफाफ्यावर तुझं नाव लिहीत होते तेव्हा जेन्सन बाजूला उभा होता. तू पाटीवर गिरवून घेतलेली ती दोन अक्षरं त्याला अजून ओळखता येतात. त्यांच्यावर बोट ठेवून तो हसला, आत जाऊन निळा शर्ट घालून आला आणि आता फाटकापाशी जाऊन बसलाय. तू येतेयस असं वाटलंय त्याला. तासभर झाला. आत ये म्हणून हाक मारायला मला अजून धीर झालेला नाही.

तुझीच,
आई