मामाच्या कॉलरचा माईक

९ फेब्रु., सोमवार
साउंड बुक केलं की यूट्यूब लाइव्ह फुकट, असं आपण पार्टीला ऐटीत सांगतो. फुकटाचा हिशेब आज लागला: अंकुशरावसारखा दोस्त तोंड फिरवून गेला, आणि त्याच्या भाचीचा सासरचा पहिलाच दिवस नासला.
काल पडेगावला कोमलचं लग्न. पोरीला वडील नाहीत, सगळं मामानं, अंकुशरावनं केलं. मंगलाष्टकंही त्यानंच म्हणली, म्हणून कॉलरचा माईक त्याला. पुढचं कडवं कोमलच्या आत्यानं आणि बायकांनी धरलं तसा हॉलमधला त्याचा आवाज मी खाली केला. लाइव्हची तार वेगळी. ती चालूच राहिली. भाची अंतरपाटाआडून मामाच्या कानात कुजबुजली, ते सगळीकडं गेलं:
"मामा, मी कंपनी सोडणार नाय. हो म्हणले ते खोटंच. त्यांना अजून सांगितलं नाय."
शेंद्र्याच्या कंपनीत आहे ती. लग्नानंतर नोकरी सोडायची, या बोलीवर सोयरीक जमलेली.
आज कुठल्याशा पेजवर तेवढाच तुकडा. वर मथळा, 'नवरीचा गेम'. खाली हसणारी तोंडं.

१० फेब्रु.
अंकुशराव गोडाऊनवर आला. "रावसाहेब, तुला वाजवायला बोलावलं होतं का आमचं चव्हाट्यावर मांडायला?"
मी चहा मागवला. तो स्पीकरच्या खोक्यावर बसून राहिला. चहा घेतला नाही. सासरचे काहीच बोलत नाहीत म्हणे, त्याचीच भीती. पोरीला परत पाठवलं तर?
आपलं लाइव्ह काढून टाकलं. उपयोग शून्य. विहीर बुजवली, पाणी आधीच गावभर.

११ फेब्रु.
सायबर पोलिसांत गेलो. तिथल्या बाई म्हणल्या, "तक्रार मुलीनं करायची. तुम्ही कोण?"
"साउंडवाला."
"मग तुम्ही तर आरोपीच्या बाकावरचे की!"
हसून बोलल्या, पण खोटं नाही.
तिथून नसरीन वकिलांकडं. त्यांच्या निकाहला साउंड आपलंच. "रावसाहेबभाई, वीडियो किसका?"
"माझा."
"तो मालिक बनके अर्जी डालो. चोरीका माल बोले तो जल्दी निकलता."
"आणि पोरीचा आवाज?"
"उसकू टैम लगता."
म्हणजे माझा कॅमेरा लगेच दिसतो, पोरीचा गळा उशिरा. नवल आहे. अर्ज केला, पेजवाल्यांनी माझा व्हिडिओ चोरला म्हणून.

१३ फेब्रु.
पहिलं पेज साफ! मग एकेक धुंडाळत बसलो. एका बहाद्दरानं आवाज बारीक करून वर गाणं चढवलेलं. पण मागं आपल्या जनरेटरची घरघर. कान हाच आपला धंदा. धरला. तोही निघाला.
अंकुशरावला कळवलं. उत्तरात नुसता अंगठा. आता अंगठ्याचा अर्थ काय लावायचा…

१५ फेब्रु., रविवार
दौलताबादला, कोमलच्या सासरी. माफी मागायला. अंकुशराव टेम्पोत शेजारी बसला, तोंड खिडकीकडं करून.
सासूबाई गडाखाली पेरूची गाडी लावतात. हात पुसत आल्या. मी सुरुवात केली, चूक माझी, पोरीवर राग धरू नका. त्यांनी मधेच तोडलं.
"राग कशाचा? नोकरी सोडायची आम्ही कधी म्हणलो?"
अंकुशराव उडालाच. "तुमचीच अट ना ती?"
"आमची? मध्यस्थ तर म्हणला, मुलीकडचेच म्हणत्यात सोडते म्हणून. आवो, मी दिवसभर उन्हात उभी राहून गिऱ्हाइकांशी भांडते, मी हिला घरात कोंडीन व्हय?"
मध्यस्थानं दोन्हीकडं एकमेकांच्या नावानं खपवलेलं! पदरचं घालून सोयरीक जमवायची त्याची रीतच ती.
"मग इतके दिवस गप का?" अंकुशरावनं विचारलं.
"वाट बघत व्हतो, ही तोंडानं कधी सांगती. मोबाईलनं सांगितलेलं काय धरायचं?"
कोमल दारात उभी. डोळे पुसत हसत होती. "सांगितलं मामा, काल रात्री. उद्यापासून कामावर."
छातीवरचा दगड उतरला. दोन पेरू खाल्ले. निघताना मी सासूबाईंना छाती फुगवून सांगितलं, "आता घोर नको. एकूण एक काढलंय. जगात शोधलं तरी ते बोलणं सापडायचं नाय."
येताना अंकुशराव म्हणला, "पुढच्या लग्नात बटण माझ्या हातात दे, गाढवा." गाढव म्हणला म्हणजे मिटलं.

१८ फेब्रु.
कोमलचा फोन, दुपारच्या सुट्टीत. मागं मशीनचा आवाज. "काका, लग्नाचा व्हिडिओ कधी? आणि त्यात ते नको हं."
"कापून देतो," म्हणलं. बसलो कापायला. तिचं वाक्य नेमकं आत्याच्या कडव्यावर. त्या कडव्यात आत्यानं कोमलच्या वडिलांचं नाव गुंफलंय. आत्यापुढं माईक नव्हता, तीही मामाच्याच माईकात आलेली. एकाच तारेत दोघी. एक काढलं की दुसरं जातं.
संध्याकाळी फोन करून तिला तसं सांगितलं. वडिलांचं नाव खरंच आहे का, तिनं दोनदा विचारलं. मग म्हणली, "थांबा काका. विचार करून सांगते."

२२ फेब्रु.
कोमलचं अजून उत्तर नाही. मी विचारलं नाही. आवाज तिचा, तिनंच ठरवावं.
तोवर ते बोलणं माझ्याच कपाटात, हार्डडिस्कवर आहे.