ज्या घरात मी राहते, त्याबद्दल

अल्लाहला साक्षी ठेवून मी, मबरूका अली अल-झलीतनी, मास्तर मिफ्ताह यांची विधवा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, राहणार दहरा मोहल्ला, त्रिपोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहवून घेत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण कसे असते ते मला बेचाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे, तेव्हा या बाबतीत माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. माझा मुलगा इम्हम्मद मिस्राताहून फोन करून याच्या उलट सांगेल. त्याचे मनावर घेऊ नये.

कलम पहिले. माझ्या मालमत्तेची वाटणी धर्माच्या कायद्याने आधीच ठरलेली आहे, मुलाला दोन वाटे, मुलीला एक. त्यात ढवळाढवळ करायची मुभा मला एक-तृतीयांशापुरती आहे, आणि तीही वारसांखेरीज इतरांसाठी. तेवढी ढवळाढवळ मी मनसोक्त करणार आहे.

शिवणयंत्र शेजारच्या रबीआला द्यावे. तिने दर शुक्रवारी तेल घालावे आणि सुई मोडली की यंत्राला शिव्या देऊ नयेत, चूक हाताचीच असते. या यंत्रावर मी तीन राजवटींचे झेंडे शिवले. तिन्ही वेळा गिऱ्हाइके तीच होती आणि तिन्ही वेळा त्यांना घाई होती. शेवटच्या वेळी नव्या झेंड्याचा हिरवा पट्टा मी पडलेल्या राजवटीच्या हिरव्या झेंड्यांतूनच कापून काढला, हे आता सांगायला हरकत नाही. उरलेले हिरवे कापड मशिदीच्या उशांना चालेल.

बेचाळीस वर्षे सत्तेवर असलेल्या नेत्याची, भिंतीवर सक्तीने लावावी लागलेली तसबीर पिठाच्या पिंपामागे आहे. ती मसऊदला द्यावी. मोहल्ला समितीचा प्रमुख म्हणून तो दर महिन्याला येऊन ती सरळ लटकते आहे ना, हे पाहून जाई. आता तो सांगतो की त्याच्या पोटात पहिल्यापासून क्रांतीच होती. असेल. त्या काळी त्याच्या पोटात माझ्या हातचे, जवाच्या पिठाचे बाझीन असायचे, तेही दोन-दोन थाळ्या, एवढेच मी खात्रीने सांगू शकते.

कलम दुसरे, आणि खरे म्हणजे हेच एक कलम. हे घर माझे नाही.

१९७८ साली हुकूम निघाला की जो घरात राहतो तोच मालक, भाडे देणे-घेणे बंद. आम्ही भाडेकरू होतो. घर हाज्जा वनीसाने आणि तिच्या नवऱ्याने बांधलेले. एका दुपारीत आम्ही मालक झालो आणि ती दोन गल्ल्या पलीकडे दिराच्या घरी दोन खोल्यांत राहिली. पुढे जमिनींच्या नोंदींची कचेरीच जाळली गेली, त्यात तिचा कागद गेला. हे घर तिचे असल्याचे सांगणारा एकही कागद आज जगात नाही. मी न लिहिता मेले तर घर माझ्या मुलांचे होईल आणि हाज्जा वनीसा खोटी ठरेल. म्हणून हा कागद. हे दान नव्हे. परत करण्याला एक-तृतीयांशाची मर्यादा नाही, असे आमच्या मशिदीचे इमाम शेख फरहात यांनी मला समजावून दिले आहे.

हाज्जा वनीसा मात्र यायची थांबली नाही. हुकूम निघाल्यावर आठवड्याने ती बादली घेऊन दारात उभी. मला म्हणाली, “हुकूम घराचा आहे ना? अंगणातलं लिंबाचं झाड काही घरात राहत नाही. ते माझं.” तेव्हापासून ती झाडाला पाणी घालते, लिंबे नेते, आमच्या रिवाजाचे तिन्ही पेले चहा पिते आणि चहावर फेस नीट आला नाही असे सांगून जाते. सत्तेचाळीस वर्षांत माझ्या चहावर एकदाही तिच्या मनासारखा फेस आलेला नाही. अंगणाच्या पुढे मात्र तिने कधी पाऊल टाकले नाही. मीही कधी आत बोलावले नाही.

२०११ साली राजवट कोसळली तेव्हा तिचा मुलगा सालेम दोन मित्र आणि एक बंदूक घेऊन घर मागायला आला. त्याच्या मागून धापा टाकत ती आली. तिने मुलाला सांगितले, “आधी बूट काढ, मबरूकाने फरशी पुसलीय.” मग म्हणाली, “ह्यांचा काय दोष? मसऊदने बळजबरीने सही घेतली बिचाऱ्यांची. बंदूक दाखवून घेतलेल्या घरात मला झोप यायची नाही. चल.” आणि ती त्याला दंडाला धरून घेऊन गेली.

मी दाराला टेकून उभी होते. काही बोलले नाही. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

कारण मसऊदने बळजबरी केली नव्हती. माझ्या नवऱ्याने तर साफ नकार दिला होता. दुसऱ्याच्या भिंतींवर आपले नाव कसे लावायचे, म्हणून तो दोन दिवस जेवला नाही. तेव्हा मीच समितीच्या कचेरीत गेले. मसऊद जांभया देत होता. म्हणाला, घाई काय आहे, वेळ आहे अजून. मी म्हटले, आजच कर. अर्ज मी भरला, सही मी केली, माझ्या नावाने. माझे बालपण गावाबाहेर पत्र्याच्या खोपटात गेले होते आणि मला तिथे परत जायचे नव्हते. हे कारण आहे, सबब नाही. नंतर सगळे खापर मसऊदवर फोडले. त्याच्यावर फोडण्यासारखे इतके होते की आणखी एक कोणाच्या लक्षात आले नाही. या एका बाबतीत तो निर्दोष आहे, आणि तसे लिहिताना माझ्या जिवावर येते आहे.

माझी मुलगी नजात हिच्याशी मी हे बोलले. नवऱ्यापासून सुटून ती दोन मुलांसह माझ्यापाशी राहते, आणि तिला जायला दुसरी जागा नाही. ती म्हणाली, “आई, कागद जळले. कोणाला कळणार आहे?” मी म्हटले, मला कळते आहे ना. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचा राग रास्त आहे. तिला ठेवावे अशी अट मी घालत नाही, कारण अट घालायचा हक्क मालकाचा.

हे सगळे मी मेल्यावर हाज्जा वनीसाच्या कानी जावे, असा आधी माझा बेत होता. मग वाटले, हाही एक भित्रेपणाच. म्हणून काल चहाच्या वेळी मी लेखनिकाला इथवरचे सगळे तिला वाचून दाखवायला सांगितले. तिने पेला खाली ठेवला. उठून हुकमानंतर पहिल्यांदाच ती घरात गेली, एकेका खोलीतून फिरू लागली. बराच वेळ आली नाही, तेव्हा मला वाटले, आता ती जी जाईल ती परत यायची नाही.

ती आली आणि समोर बसली.

“नजात इथेच राहील,” ती म्हणाली. “तुझ्यावर मात्र मी रागावलेय, मबरूके. सत्तेचाळीस वर्षांचा राग आहे, तो मला सावकाश, नीट काढायचाय. एवढ्यात मरायचं नाहीस तू.”

तिच्या आग्रहाखातर नमूद करते की या मृत्युपत्राची अंमलबजावणी शक्य तितकी लांबवावी. घराला मात्र माझ्या मरणाची वाट पाहायचे कारण नाही. ते आज, या सहीपासून, हाज्जा वनीसाचे.

साक्षीदार: शेख फरहात, मोहल्ल्याच्या मशिदीचे इमाम.

साक्षीदार: मसऊद, माजी समितीप्रमुख. अर्ज भरला तेव्हा हजर असलेला दुसरा माणूस हयात नाही, म्हणून नाइलाजाने. लाभ घेणाऱ्याची साक्ष चालत नाही, मग ज्याला तसबीर मिळायची त्याची चालेल का, असे लेखनिकाने विचारले. तसबिरीत त्याला लाभ वाटत असेल तर तसे त्याने लिहून द्यावे. त्याने दिले नाही.

त्रिपोली, १२ ऑक्टोबर २०२५.

सही: मबरूका अली अल-झलीतनी, भाडेकरू.