एकास दहाची गाडी

प्रिय भिंगरी,

सोबतचं खोकं आधी उघडू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मगच दोऱ्या काप. खोकं घेऊन आलेले आपल्या खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले काका दाराशी उभे असतील, त्यांना आत घे आणि चहा दे. सहा तास बसमध्ये त्यांनी हे मांडीवर धरलं आहे. पाय अवघडले असतील, पण ते कबूल करायचे नाहीत. चौऱ्याहत्तरीतही त्यांना वाटतं की आपण काल रिटायर झालो.

हे फोनवर सांगता आलं असतं. परवा फोन केलाही होता. मागे टिकलीचा धुडगूस चालला होता आणि तू म्हणालीस, बाबा, पटकन बोला, हाताला रंग आहे. मी विचारलं, हवा कशी आहे. तू म्हणालीस, छान आहे. मी म्हटलं, बरं, आणि ठेवून दिला. तू हसली असशील. इथे मी रिसीव्हर ठेवला तो जागेवर बसेना, दोनदा घसरला. तो फोन खरं कशासाठी होता, ते पुढे येईलच.

तू नोकरीतून वर्षभर सुटी घेऊन, टिकलीला घेऊन, चाकांवरच्या घरातून हिंडायला निघणार असं कळवलंस, तेव्हा मी काही बोललो नाही. तुलाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं. बाबा, तुम्ही चक्क गप्प, बरं आहे ना, असं विचारलंस. मी बरा नव्हतोच. पण मनाशी ठरवलं होतं की आयुष्यभर या पोरीच्या चाकाला खुटी लावली, आता शहात्तराव्या वर्षी तरी हात आवरायचा. भीतीला काहीतरी काम द्यावं म्हणून मी तुझ्या कॅम्पर व्हॅनची सगळी मापं मागवली. कशाला हवीत, म्हणालीस. गंमत आहे, म्हटलं. टिकलीची उंची विचारली तेव्हा तर तू खो खो हसलीस, आजोबा फ्रॉक शिवतायत की काय म्हणून. मी तुझ्या गाडीची प्रतिकृती करत होतो, एकास दहा प्रमाणात, सागाची. मोठ्या घरात राहायचं आणि छोट्या घराशी खेळायचं, अशी टिकलीची मजा.

तुला आठवतं ना, ओतशाळेत मी लाकडी साचे करायचो. आधी लाकडात हुबेहूब वस्तू करायची, तिचा ठसा वाळूत घ्यायचा, मग त्यात वितळलेलं लोखंड. साच्यात केसाएवढी चूक राहिली तर ती शंभर लोखंडी तुकड्यांत उतरते. चाळीस वर्षं त्या धाकात काढली, म्हणूनही असेल, मी माणूस असा झालो. पण सरस लावून तुकडे दाबून धरले की मी घड्याळ बघायचो नाही, शाळेतली कविता म्हणायचो. प्लायला दोन कडवी, सागाला पाच. अवघड सांध्याला ती होडीची अख्खी कविता. फोरमन म्हणायचा, ह्यांचा सरस वाळत नाही, पाठ होतो. तीच कविता तुला झोपवताना म्हणायचो. तुझ्या कपाळावर बोटानं चाल धरायचो आणि होडी खाडीतून समुद्रावर निघेपर्यंत तू झोपलेली असायचीस.

तर या दोन महिन्यांत मी पुन्हा तरुण झालो होतो, भिंगरी. दिवाणखान्यातलं टेबल खिडकीशी ओढलं, पातळ फळ्या रंधून काढल्या. तुझी ओट्याची फळी, गॅसची चूल, डाव्या बाजूचं पुस्तकांचं कपाट, त्याच्या शेजारी टिकलीचा वरचा पलंग, सगळं केलं. बिजागऱ्या टाचण्यांच्या केल्या आणि स्टिअरिंग घड्याळवाल्यांनी एका मेलेल्या अलार्मच्या चाकाचं करून दिलं. टिकली एकशे बारा सेंटिमीटर, म्हणून तिची बाहुली अकरा सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर. तिला तुझ्या आईच्या जुन्या ब्लाउजच्या कापडाचा फ्रॉक घातला. तेव्हा तू म्हणालीस तसा मी खरोखर शिंपी झालो.

मग मला दुर्बुद्धी म्हण की सद्‌बुद्धी, ते सुचलं. मापं खरी आहेत, तर वजनंही खरी का नकोत. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहाव्या हिश्शाची, म्हणजे वजन हजाराव्या हिश्शाचं, एका किलोला एक ग्रॅम. तुझ्या कागदावर सगळं लिहिलेलं होतंच. पुस्तकं साठ किलो. टपावर दोन सायकली, तंबू आणि सामान मिळून ऐंशी. आणि तुझी ती नामी युक्ती, नव्वद लिटरची पाण्याची टाकी, डावीकडे छताला लागून, म्हणजे पंप नको, नळ फिरवला की पाणी आपोआप खाली. वाचून मला कौतुक वाटलं होतं, बापाचं डोकं आहे म्हणून. इंजिन आणि सांगाड्याच्या वजनाचं शिसं तळाशी भरलं आणि सामानाचं एकेक वजन घड्याळवाल्यांच्या काट्यावर तोलून जागेवर बसवलं. ते म्हणाले, गाडीचं लग्न ठरलंय का, सोनं तोलताय ते.

गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी मी गाडी एका फळीवर आडव्या दिशेनं, चारही चाकांवर उभी केली, चाकं सरकू नयेत म्हणून कडेला पट्टी ठोकली आणि फळीची एक बाजू हळूहळू उचलू लागलो. कारण साधंच होतं. रस्ता कुठेही कडेकडे उतरता असतो, त्यावर ड्रॉवर आपोआप उघडतात का, एवढंच बघायचं होतं. ड्रॉवर उघडले नाहीत. गाडीच गेली. काही कुरकुर नाही, डुगडुग नाही, एका क्षणी उभी होती आणि दुसऱ्या क्षणी डाव्या कुशीवर आडवी. वरच्या पलंगाची कड निघाली आणि बाहुली खिडकीतून बाहेर पडून टेबलाखाली गेली. मी खाली वाकलो. लाकडाचा तुकडा आहे हे मला माहीत होतं, मीच तासला होता. तरी उचलायला हात पुढे होईना.

पहिल्यांदा मला आठवली ती आमची पट्टी, आणि तुला सांगतो, आनंदानं रडू आलं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचेवाल्यांची मोजपट्टी जगापेक्षा वेगळी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्यापेक्षा शंभराला एक मोठा. ड्रॉवरमधून सवयीनं मी तीच काढली होती आणि सगळं कपाटकाम तिच्यावर बेतलं होतं. झालं, चूक माझी, गाडी निर्दोष. असली चूक सापडल्यावर इतका खूष झालेला साचेवाला दुसरा नसेल. कपाटं उखडली, शाळेतल्या पोरांची साधी पट्टी आणली आणि तीन दिवसांत सगळं पुन्हा केलं. सरस लावून कविता म्हणायला बसलो तर तिसरं कडवं आठवेना. साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी पुन्हा फळी उचलली. सामानाची वजनं काढून टाकली तर गाडी त्रेचाळीस अंशांपर्यंत उभी राहते. तुझं सामान भरलं की एकतिसाला जाते. नऊ वेळा बघितलं, नऊही वेळा तेच. शंभराला एकाच्या फरकानं काही होणार नव्हतं, हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, पण भ्यालेल्या माणसाला गणित नको असतं, निमित्त हवं असतं. आणि माझ्या गाडीला स्प्रिंगा नाहीत, तिच्यातलं पाणी हिंदकळत नाही. तुझी गाडी वळणावर झुकेल तेव्हा अर्धी टाकी पाणी त्याच बाजूला धावेल. म्हणजे तुझा अंश एकतिसाच्याही आतला, किती आत ते मला काढता येत नाही. तेव्हापासून जिन्यातून कुणी पटापट उतरलं तरी माझ्या छातीत पाणी हिंदकळतं.

आता खरी भीती सांगतो. ती गाडीची नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीस, ही आहे. का ठेवावास? पोहायला जाऊ नको, विहिरीत भोवरा आहे, हे मी सांगितलं. भोवरा नव्हता. वसतिगृहात पंखे पडतात, हे मी सांगितलं. तुझी आई म्हणायची, तुमच्या तोंडून देवानं सूर्य उगवल्याचं सांगितलं तरी पोरगी खिडकी उघडून बघेल. लांडगा आला रे म्हणून इतक्यांदा ओरडलो की खरा लांडगा दारात उभा आहे आणि माझा घसा बसला आहे.

घड्याळवाल्यांपुढे मन मोकळं केलं. ते म्हणाले, त्यात काय, छातीत कळ आली म्हणून फोन करा, पोरगी धावत येईल, महिनाभर निघत नाही, तेवढ्यात बघू. ते वाईट नाहीत, माझी अवस्था बघवली नाही म्हणून बोलले. परवाचा फोन त्या कळेसाठी होता. वाक्य पाठ केलं होतं. तू रंगाच्या हातानं फोन धरून पटकन बोला म्हणालीस आणि मला एकदम तू एकोणीस वर्षांची दिसलीस, अंगणात, स्कूटरपाशी, हाताला ग्रीस.

ती सकाळ तुला आठवत असणारच. दोन मैत्रिणी आपापल्या स्कूटरवर फाटकाबाहेर उभ्या, दहा दिवसांचं सामान बांधलेलं, आणि तुझी गाडी सुरू होईना. तू तासभर किका मारल्यास. घोटा सुजला. मी चहाचा कप घेऊन पायरीवर उभा होतो आणि म्हणालो, गाडीच्याच मनात नाही, त्याला आपण काय करणार. शेवटी त्या दोघी गेल्या. तू सामान सोडलंस आणि संध्याकाळी मला विचारलंस, बाबा, माझंच नशीब असं का. दहा दिवसांनी त्या धडधाकट परत आल्या, उन्हानं रापून, एकमेकींचं वाक्य अर्धवट तोडून हसत. तू त्यांच्यात पुन्हा कधी पुरती मिसळली नाहीस.

भिंगरी, त्या पहाटे मी तुझ्या गाडीचा चांगला प्लग काढून त्या जागी मेलेला बसवला होता. तू किका मारत होतीस तेव्हा चांगला प्लग माझ्या खिशात होता. आठवड्यानं मेकॅनिकनं नवा घातला, गाडी सुरू झाली, विषय संपला. तुझ्या आईला तो चांगला प्लग माझ्या हत्यारांच्या खणात सापडला, चिंधीत गुंडाळलेला. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, तुम्ही तिला नाही वाचवलंत, स्वतःला वाचवलंत, आणि हे तिला तुम्हीच सांगायचं, मी नाही. ती गेली त्यालाही आता आठ वर्षं झाली. मी सांगितलं नाही.

अजून एक. होडीची कविता आठ कडव्यांची आहे. तुला मी नेहमी सातच म्हणून दाखवली. आठव्यात होडी बुडत नाही, घाबरू नकोस. ती फक्त दिसेनाशी होते, आणि काठावरची माणसं थोडा वेळ उभी राहून घरी जातात, चूल पेटवतात, जाळी दुरुस्त करायला बसतात. एवढंच आहे त्यात. मला तेवढंही म्हणवलं नाही.

तुझा बाप खोटा आहे, हे आता त्याच्याच अक्षरात तुझ्या हातात आहे. म्हणून सांगतो, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. खोकं उघड. गाडीखालचीच फळी घे, तिच्या एका टोकाला अंश आखले आहेत. टिकलीला दुसऱ्या खोलीत पाठव आणि तुझ्या हातानं फळी उचल. मग टाकी काढ, ती सुटी आहे, आणि खाली मधोमध बाकाखाली जी खाच केली आहे तिच्यात बसव, पुस्तकं उजवीकडे तळाशी, टपावरचं सामान मधोमध. पुन्हा उचल. अडतीस येतील. पंप लागेल, तो घरघर करेल, करू दे. खरी गाडी ज्या कारागिराकडे आहे त्याला हे दाखव, तो मला वेडा म्हणाला तरी चालेल, पण त्यानं ती एकदा तोलून बघावी. त्यासाठी शनिवारचं निघणं पुढे ढकल असं मी म्हणत नाही. ते तू ठरव. आणि मग जा. मी फाटकाशी येणार नाही, मला तिथे उभं राहायची सवय चांगली नाही. मी घरी कपाटाच्या एका बिजागरीचं काम काढून बसेन. टाकी हलवताना तुला ती लाकडाच्या मानानं जड लागेल. तिचं झाकण चिकटवलेलं नाही, नखानं उघडतं. नव्वद ग्रॅमांतले चाळीस शिशाचे आहेत. उरलेले पन्नास चिंधीत गुंडाळले आहेत, ते तुझे आहेत. सत्तावीस वर्षं माझ्याकडे राहिले.

तुझाच,
भित्रा बाबा