मंडईत उधारी मागणाऱ्याला दुकान नाही

मी, केसरबाई रामाजी मेश्राम, वय अडुसष्ट, धंदा किराणा, राहणार चामोर्शी, जिल्हा गडचिरोली. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने साडेतीनशे ग्रॅम तूरडाळीचे पैसे मला तोंडी विचारावे. कोणाच्याही दबावाखाली नाही, उलट पोटच्या पोराच्या विरोधात जाऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते मुलगा प्रफुल यास द्यावे. आईने पोराला उघड्यावर टाकले असे कोणी म्हणू नये.

२. दुकान, काटा, गल्ला आणि उधारीची वही सून मयुरीला द्यावी. प्रफुल विचारेलच, "मले काऊन नाई?" म्हणून कारण लिहिते.

तीस वर्षांचा माझा नियम: उधारी धान निघाल्यावर मागायची, पण मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, घरोघरी पाहुणे आणि रात्री नाटक असते तेव्हा, पाहुण्यांसमोर तोंड उघडायचे नाही. डिसेंबर २०२३ च्या मंडईत नागसेनभाऊचा जावई जेवायला बसला असताना प्रफुलने दारात उभे राहून सव्वादोन हजार मागितले. भाऊने लेकीच्या लुगड्याचे, नाटकाच्या तिकिटाचे पैसे आणून मोजून दिले. आमचे दिवटे नाचत घरी आले, "आई, वसुली झाली!"

तेव्हापासून नागसेनभाऊ आणि त्याच्या भावांची अशी चार घरे तुटली. महिन्याला वीस हजारांचा माल जायचा, शेकडा सात सुटायचे. वीस महिन्यांचे अठ्ठावीस हजार बुडाले. पण भल्या माणसाची मान माझ्या दुकानापायी खाली गेली, याची मला जास्त लाज वाटते.

३. मयुरीने 'उधार बंद' पाटी लावू नये. मात्र तेल उधार देऊ नये, पुड्यामागे रुपयाच सुटतो. मागची निम्मी फेडल्याशिवाय पुढची नाही. पगारदाराला तर अजिबात नाही. त्यांचा पगार वेळेवर होतो, फेड होत नाही.

४. "बाईमानसाले दुकान झेपते का?" असे म्हणणारे थोरले दीर सोमाजी यांना माझे पाच किलोचे लोखंडी वजन द्यावे. रोज उचलून पाहावे.

सही: केसरबाई रामाजी मेश्राम
चामोर्शी, १४ ऑगस्ट २०२५

साक्षीदार: १. नूतन खोब्रागडे २. नागसेन रामटेके

ता.क. नागसेनभाऊला बोलवायला मीच गेले होते. म्हटलं, "भाऊ, आमचं चुकलं." तो सही करायला आला. जाताना अर्धा किलो गूळ बांधून घेतला आणि म्हणाला, "बाई, लिहून ठेवा."
लिहिले आहे. धान निघेपर्यंत कोणी मागू नये.